गोंदियातून आइस डान्सर का घडत नाही? ज्युनियर करिअरचं सगळं गणित समजून घ्या

हिवाळी ऑलिम्पिक जवळ आलं की एक जुना व्हिडिओ सोशल मीडियावर पुन्हा फिरायला लागतो. भारतीय पेहरावातली एक अमेरिकन जोडी बर्फावर नाचतेय आणि मागे ‘कजरा रे’ आणि ‘डोला रे डोला’ वाजतंय. ही जोडी म्हणजे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये त्यांनी हे नृत्य सादर केलं आणि स्पर्धेअखेर रौप्यपदक जिंकलं. नृत्य बसवताना त्यांनी मिशिगनमधल्या एका भारतीय नृत्यशिक्षिकेची मदत घेतली होती.

व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास असतो. गाणी आपली, ठेका आपला, मग नाचणारे आपले का नाहीत?

उत्तर म्हणून लोक ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो’ असं म्हणून मोकळे होतात. पण ऑलिम्पिकमधलं आइस डान्स आकाशातून पडलेल्या बर्फावर होतच नाही. ते यंत्राने गोठवलेल्या बर्फावर, छताखाली होतं. त्यामुळे खरा प्रश्न हवामानाचा कमी आणि सोयींचा जास्त आहे. तो समजून घेण्यासाठी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा जिल्हा घेऊ. समजा, गोंदियातल्या दहा वर्षांच्या एखाद्या मुलीने ठरवलं, मला आइस डान्सर व्हायचंय. तिला काय काय लागेल?

मुळात आइस डान्स म्हणजे काय?

फिगर स्केटिंगमध्ये मुलांची एकेरी, मुलींची एकेरी, पेअर्स आणि आइस डान्स असे चार मुख्य प्रकार आहेत. पेअर्स आणि आइस डान्स या दोन्हींत जोडीच असते, म्हणून बघणाऱ्यांचा गोंधळ होतो.

पेअर्समध्ये पुरुष पार्टनरला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो, दोघं मोठमोठ्या उड्या घेतात. आइस डान्समध्ये हात पूर्ण ताणून पार्टनरला डोक्यावर धरायला मनाई आहे आणि मोठ्या उड्याही नसतात. इथे सगळा भर पायांच्या कामावर, ठेक्यावर आणि दोघांमधल्या अंतरावर असतो. दोघं जितके जवळ राहून आणि जितक्या वेगाने सरकतील, तितकं ते अवघड.

‘ट्विझल’ हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. एका पायावर उभं राहून वेगाने गिरक्या घ्यायच्या आणि गिरक्या घेत असतानाच पुढे सरकायचं. शेजारी पार्टनरनेही त्याच क्षणी, त्याच वेगाने तेच करायचं. एक जण अर्धा सेकंद मागे पडला तरी परीक्षकांना ते दिसतं.

स्पर्धा दोन भागांत होते. पहिला ‘रिदम डान्स’. त्याची थीम आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना, म्हणजे आयएसयू, दर हंगामासाठी ठरवून देते. २०२५-२६ साठी थीम होती १९९०च्या दशकातलं संगीत. दुसरा ‘फ्री डान्स’, त्यात संगीत आणि मांडणी जोडीने स्वतः निवडायची. दोन्ही भागांचे गुण एकत्र करून निकाल लागतो.

ज्युनियर म्हणजे नेमकं किती वय?

आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धांसाठी त्या हंगामाच्या १ जुलैपूर्वी खेळाडूला १३ वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. वरच्या वयाची मर्यादाही असते. जोडीच्या प्रकारांत ती एकेरीपेक्षा थोडी सैल आहे.

सीनियर गटासाठी पूर्वी १५ वर्षं पुरेशी होती. २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १५ वर्षांच्या रशियन खेळाडू कमिला वालिएवाचं डोपिंग प्रकरण गाजलं. त्याच वर्षी जूनमध्ये आयएसयूने किमान वय टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचा निर्णय घेतला. २०२४-२५ च्या हंगामापासून तो पूर्णपणे लागू झाला.

या निर्णयामुळे ज्युनियर गटाचं महत्त्व वाढलं. १३ ते १७ या चार वर्षांत खेळाडूला दुसरीकडे जाता येत नाही. जे शिकायचं, जिथे नाव कमवायचं, ते इथेच.

या गटात दोन गोष्टी मोठ्या मानल्या जातात. एक, ज्युनियर ग्रांप्री. साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये वेगवेगळ्या देशांत या स्पर्धा होतात, एका जोडीला जास्तीत जास्त दोन खेळता येतात आणि वरच्या सहा जोड्या अंतिम फेरीला जातात. दुसरी, ज्युनियर जागतिक स्पर्धा. तिथे जाण्यासाठी आधी किमान तांत्रिक गुण मिळवलेले असावे लागतात. फक्त देशाने नाव पाठवलं म्हणून प्रवेश मिळत नाही.

एक करिअर घडायला किती वर्षं लागतात?

याचं उत्तर दोन जोड्यांच्या गोष्टीत आहे.

कॅनडाची टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोइर १९९७ मध्ये एकत्र आले. ती सात-आठ वर्षांची, तो नऊ-दहा वर्षांचा. स्कॉटची मावशी कोच होती, तिनेच ही जोडी लावली. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिस आणि व्हाइट एकत्र आले, तेव्हा तेही नऊ-दहा वर्षांचे होते.

२००६च्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत व्हर्च्यू-मोइरने सुवर्ण जिंकलं, डेव्हिस-व्हाइटने कांस्य. २०१० मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण व्हर्च्यू-मोइरकडे गेलं, रौप्य डेव्हिस-व्हाइटकडे. २०१४ मध्ये सोचीत नेमकं उलटं झालं.

म्हणजे हिशोब असा: जोडी जमल्यापासून ज्युनियर पदकापर्यंत ९ वर्षं, ऑलिम्पिक पदकापर्यंत १३ वर्षं. आणि ही जगातल्या सर्वोत्तम जोड्यांची गोष्ट आहे.

यातली एक गोष्ट गोंदियाच्या संदर्भात महत्त्वाची. स्कॉट मोइर कुठल्या महानगरातला नाही. तो ओंटारियो प्रांतातल्या इल्डरटन नावाच्या छोट्या गावातला. पण त्या गावात बर्फाचं रिंक होतं, स्केटिंग क्लब होता आणि घरातलीच माणसं तिथे शिकवत होती. आपल्याकडे गावात कबड्डीचं मैदान असतं, तसं तिथे रिंक.

गोंदियात काय आहे, काय नाही?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. धानाचा, राइस मिलचा, तलावांचा हा जिल्हा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. थंडीची लाट आली की १० अंशांच्या खाली उतरतो आणि विदर्भातल्या सगळ्यात थंड शहरांमध्ये गोंदियाचं नाव बातम्यांत येतं. पण पाणी गोठायला शून्य अंश लागतात. स्पर्धेच्या रिंकवर बर्फाचं तापमान शून्याखाली काही अंश, तेही सतत, ठेवावं लागतं.

ऑलिम्पिक मापाचं रिंक ६० बाय ३० मीटरचं, म्हणजे १,८०० चौरस मीटर असतं. बाहेर ४५ अंश असताना एवढी जागा गोठलेली ठेवायची म्हणजे शीतगृहासारखी बंदिस्त इमारत आणि रात्रंदिवस चालणारी यंत्रणा आली.

वीज नाही म्हणून हे अडलंय का? तर नाही. याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. प्रश्न बिलाचा आहे. ते कोण भरणार आणि किती मुलांसाठी?

नाचाची परंपरा नाही म्हणून अडलंय का? तेही नाही. गोंदिया झाडीपट्टीचा भाग आहे. धान कापणी आटोपली, दिवाळी झाली की मंडई भरतात, दंडारी होतात आणि पुढे होळीपर्यंत रात्ररात्र नाटकं चालतात. ठेका, पदन्यास, हजारो लोकांसमोर उभं राहण्याची हिंमत, हे सगळं इथल्या पोरांना नवीन नाही.

झाडीपट्टी रंगभूमी का टिकली, हे पाहिलं की आइस डान्स का रुजलं नाही तेही कळतं. झाडीपट्टीचा मंच गावातच उभा राहतो. शिकवणारा शेजारच्या गावात असतो, बघणारा तिकीट काढून येतो आणि पोरगं लहानपणापासून ते बघत मोठं होतं. आइस डान्समध्ये यातलं काहीच जवळ नाही.

भारतात बर्फ कुठे आहे?

मोजक्या ठिकाणी. शिमल्याचं रिंक १९२० पासूनचं, पण ते उघड्यावरचं आणि थंडीवर अवलंबून राहिलेलं. गुरुग्राममध्ये मॉलमधलं रिंक आहे आणि देशातल्या अनेक फिगर स्केटर्सनी तिथे सराव केलाय. लेहमध्ये एनडीएस स्टेडियमचं रिंक आहे. आणि डेहराडूनला ऑलिम्पिक मापाचं, छताखालचं रिंक आहे.

या डेहराडूनच्या रिंकची गोष्ट बोलकी आहे. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी ते बांधलं गेलं. स्पर्धा झाल्या आणि नंतर ते अनेक वर्षं बंद पडून राहिलं. शेवटी दुरुस्ती होऊन २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची आशियाई पातळीवरची स्पर्धाही झाली.

मधल्या काळाचा विचार करा. २०११ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी २०२५ मध्ये २४ वर्षांची झाली. तिचा ज्युनियर काळ रिंकच्या बंद दारामागे संपला. इमारत नंतर दुरुस्त करता येते, वय मागे नेता येत नाही.

गोंदियाहून दिल्लीच रेल्वेने सुमारे १,२०० किलोमीटर आहे. गुरुग्राम किंवा डेहराडून त्याच्याही पुढे. आठवड्यातून पाच-सहा दिवस पहाटे सराव करायचा असेल, तर हे अंतर प्रवासाने भरून निघणारं नाही. घर हलवावं लागेल. दहा वर्षांच्या मुलीसाठी आईने किंवा वडिलांनी गोंदिया सोडायचं, शाळा बदलायची आणि हे किमान आठ-नऊ वर्षांसाठी.

खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून सुरू आहेत आणि २०२६ मध्ये लेहच्या टप्प्यात फिगर स्केटिंगचा पहिल्यांदा समावेश झाला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण वर्षातून एकदा भरणारी स्पर्धा खेळाडूला पदक देते. खेळाडू घडतो तो उरलेल्या ३६० दिवसांत.

रिंक मिळालं तरी पार्टनर कुठून आणायचा?

आइस डान्समधली ही सगळ्यात मोठी अडचण, आणि ती फक्त भारताची नाही. जगभरात या खेळात मुली जास्त आणि मुलं कमी आहेत. त्यातही वय, उंची, कौशल्य, स्वभाव आणि दोन्ही घरांची खर्च करायची तयारी, हे सगळं जुळावं लागतं. किशोरवयात एकाची उंची अचानक वाढली तरी जमलेली जोडी मोडते. आपल्याकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. वाढत्या वयातल्या मुला-मुलींनी रोज हातात हात घेऊन सराव करायचा, हे अनेक घरांना पचणार नाही.

म्हणूनच जोड्या देशांच्या सीमा ओलांडून जमतात. आयएसयूच्या स्पर्धांत दोघांपैकी एकाच्या देशाकडून खेळता येतं. ऑलिम्पिकला मात्र दोघांकडेही त्या देशाचं नागरिकत्व लागतं.

दक्षिण कोरियाने याच वाटेने यश मिळवलं. मॉन्ट्रियलमध्ये वाढलेली हॅना लिम आणि चिनी वंशाचा कॅनडियन ये क्वान यांनी कोरियाकडून खेळत २०२३च्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकलं. पुढे क्वानने कोरियाचं नागरिकत्वही घेतलं. दोघांचाही सराव कॅनडातला.

भारतासाठी ही वाट अरुंद आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. २००८ पासूनच्या धोरणानुसार ओसीआय कार्ड असलेल्यांना भारताच्या संघातून खेळता येत नाही. म्हणजे टोरोंटो किंवा डेट्रॉइटमधल्या मराठी घरातली मुलगी तिथल्या रिंकवर कितीही चांगली तयार झाली, तरी भारताकडून खेळायला तिला आधी तिथला पासपोर्ट सोडावा लागेल. शिक्षण, नोकरी, सगळं आयुष्य तिथे असताना हा निर्णय सोपा नसतो.

तरीही तो घेणारे आहेत. तमिळ कुटुंबातली, अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद हिने २०१९ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं आणि ती एकेरीत भारताकडून खेळू लागली. २०२५च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत ती आठवी आली. पण ती एकेरी खेळते. आइस डान्समध्ये हा निर्णय एकाच वेळी दोन घरांना परवडावा लागतो.

पैसा कोण देतो?

बर्फाचं भाडं, कोच, नृत्य बसवणारा, बूट, ब्लेड, कपडे, प्रवास. बहुतेक देशांत ज्युनियर वयात हा खर्च आई-वडीलच करतात. त्यात चांगले कोच मोजक्या शहरांत एकवटलेले. २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमधल्या २३ आइस डान्स जोड्यांपैकी ११ जोड्या मॉन्ट्रियलच्या एकाच अकादमीत शिकत होत्या. म्हणजे श्रीमंत देशांतल्या मुलांनाही घर सोडावं लागतं.

पण इतिहासात एक वेगळं उदाहरण आहे. इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम शहर. तिथला ख्रिस्तोफर डीन पोलिसात होता आणि जेन टॉर्व्हिल विमा कंपनीत कारकून. नोकरी सांभाळून दोघं स्केटिंग करायचे. शहरात १९३९ पासून सार्वजनिक रिंक होतं. पुढे नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेने दोघांना आर्थिक मदत दिली आणि त्यांना नोकऱ्या सोडून पूर्ण वेळ सराव करता आला. १९८४ मध्ये सारायेव्हो ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या ‘बोलेरो’ला कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० पैकी ६.० गुण दिले.

एक पोलीस आणि एक कारकून ऑलिम्पिक विजेते झाले, ते एका स्थानिक संस्थेने रिंकही दिलं आणि योग्य वेळी पैसेही दिले म्हणून. आपल्याकडे सरकारी बक्षीस जाहीर होतं ते पदक आल्यावर. आइस डान्समध्ये पैशांची खरी गरज त्याच्या दहा वर्षं आधी असते.

मग गोंदियातल्या मुलीने काय करायचं?

तिच्यासाठी सगळ्यात जवळची वाट चाकांवरची आहे. रोलर स्केटिंगमध्ये ‘आर्टिस्टिक’ नावाचा प्रकार असतो आणि त्यात जोडीचा ‘कपल डान्स’ही असतो. शिवाय ‘सोलो डान्स’ आहे, म्हणजे पार्टनर मिळाला नाही म्हणून थांबावं लागत नाही. एका ओळीत चाकं असलेले इनलाइन फिगर स्केट्स तर ब्लेडच्या बरेच जवळ जातात. यासाठी गुळगुळीत, सपाट फरशी पुरते. बर्फाच्या तुलनेत हा खर्च अगदीच किरकोळ.

भारताने या वाटेवर यश पाहिलंय. हैदराबादच्या अनुप कुमार यामाने २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत एकेरीत कांस्य जिंकलं आणि अवनी पांचालसोबत पेअर्समध्ये दुसरं. २०१५ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. स्पीड स्केटिंगमध्ये २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३,००० मीटर रिलेचं कांस्य जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हे महाराष्ट्राचे दोन खेळाडू होते. चाकांवर मराठी पोरं आशियाई पदकापर्यंत पोहोचलीत, कारण चाकं चालवायला जागा घराजवळ मिळाली.

चाकांवरून बर्फावर जाताना सगळं तसंच्या तसं उपयोगी पडत नाही. ब्लेडची धार, बर्फावर थांबण्याची पद्धत, वेगाचा अंदाज नव्याने शिकावा लागतो. पण तोल, ठेका, पार्टनरबरोबर सरकण्याची सवय आणि पडण्याची भीती जाणं, ही कमाई सोबत येते.

पालकांनी मात्र क्लासची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. क्लास आर्टिस्टिक शिकवतो की फक्त गोल फेऱ्या मारायला लावतो? ज्या स्पर्धेला मुलीला नेणार आहेत, ती मान्यताप्राप्त संघटनेची आहे का? आणि त्या स्पर्धेचं प्रमाणपत्र दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी किंवा सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी चालतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळतं. ‘आंतरराष्ट्रीय’ असं छापलेलं प्रत्येक प्रमाणपत्र चालतंच असं नाही आणि ते बऱ्याच घरांना फार उशिरा कळतं.

सरकारला काय करता येईल?

गोंदियात बर्फाचं रिंक बांधा, ही मागणी आज कागदावरच छान दिसेल. रिंक चालवायला मुलं लागतात आणि मुलं तयार व्हायला आधी स्वस्त सोय लागते. त्यामुळे क्रम उलटा हवा. आधी जिल्हा क्रीडा संकुलांत स्केटिंगसाठी चांगली, छताखालची फरशी आणि आर्टिस्टिक शिकवणारा कोच. मग त्यातल्या निवडक मुलांना शाळेच्या सुट्टीत डेहराडून किंवा गुरुग्रामच्या बर्फावर नेणारी शिष्यवृत्ती. आणि राज्यात पुरेशी मुलं झाली की पुणे, मुंबई किंवा नागपूर यांपैकी एका ठिकाणी बारमाही रिंक.

नागपूर गोंदियापासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे. शनिवार-रविवारी रेल्वेने जाऊन येण्याइतकं. तेवढ्याने ऑलिम्पिक जोडी तयार होणार नाही, पण झाडीपट्टीतल्या मुलीला बर्फावर पहिलं पाऊल ठेवायला १,२०० किलोमीटर जावं लागणार नाही. आज ज्यांचं वय सात-आठ आहे, त्यांच्यासाठी ज्युनियर गटाचं दार पाच-सहा वर्षांनी उघडणार आहे. जे ठरवायचं, ते त्याआधी ठरवावं लागेल.